दिवाळीत कम्प्युटर भेट द्यायचाय? खोक्यावरच्या नावाच्या पुढचं वाचा

दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत कम्प्युटरच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, “आय फाइव्ह आहे ना, मग चांगलाच असेल?” विचारणाऱ्याचा यात दोष नाही, जाहिरातीत तेवढंच मोठ्या अक्षरात असतं. पण आय फाइव्ह हे इंटेलच्या प्रोसेसरचं, म्हणजे कम्प्युटरच्या मुख्य चिपचं नाव २००९ पासून चालत आलेलं आहे आणि त्याखाली इतक्या पिढ्या निघाल्या की नुसत्या नावावरून काही कळत नाही. सातव्या पिढीच्या लॅपटॉपमधला आय५-७२००यू हा २ कोअरचा (कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग). बाराव्या पिढीचा आय३-१२१५यू ६ कोअरचा. म्हणजे ‘थ्री’ पुढे आणि ‘फाइव्ह’ मागे, हे रोज दिसतं. सेकंडहँडच्या जाहिरातीत तर पिढी मुद्दाम गाळलेली असते.

म्हणून पूर्ण मॉडेल नंबर मागायचा. तो खोक्यावरच्या बारकोडजवळच्या बारीक अक्षरांत असतो. इंटेलच्या जुन्या पद्धतीत आय३, आय५ यानंतरचे सुरुवातीचे आकडे पिढी सांगतात: ७२०० म्हणजे सातवी, १२१५ म्हणजे बारावी, १३३५ म्हणजे तेरावी. २०२३ च्या शेवटी इंटेलने नव्या नावांतला ‘आय’ काढला, तेव्हापासून ‘कोअर ५’ आणि ‘कोअर अल्ट्रा ५’ अशा दोन ओळी चालतात. त्या सारख्या नाहीत. कोअर ५ १२०यू हा मुळात तेराव्या पिढीच्याच घराण्यातला आहे, नाव नवं आहे इतकंच. वाईट नाही, पण ‘अल्ट्रा’च्या भावात घेऊ नये.

इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी, तिच्या रायझेन प्रोसेसरमध्ये गंमत आणखी जास्त आहे. रायझेन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू ही तीन नावं शेजारी ठेवली तर कुणालाही वाटेल की फरक थोडासाच असणार. या मालिकेत पहिला आकडा वर्ष सांगतो आणि तिसरा आकडा आतली रचना किती जुनी ते सांगतो. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २ ही २०१९ मध्ये आलेली रचना, आणि कोअर ४. ७५३०यू मध्ये झेन ३ आणि ६ कोअर. ७५४०यू मध्ये झेन ४. सणाच्या सेलमध्ये “रायझेन फाइव्ह, सोळा जीबी, इतक्या स्वस्तात!” असं दिसलं की आधी तो तिसरा आकडा बघा. बहुतेक वेळा तिथे २ असतो.

शेवटचं अक्षरही बोलतं. ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, बॅटरी जास्त चालणारा. ‘एच’ म्हणजे ताकद जास्त, पण गरम होतो आणि पंखाही ऐकू येतो. आकड्याच्या आधी ‘एन’ असलेली मालिका, म्हणजे एन१०० वगैरे, बँकेची कामं, पत्रव्यवहार आणि व्हिडिओ बघण्यासाठी ठीक. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलीला चार वर्षं चालेल म्हणून तो घेऊ नये.

आता भेट कोणासाठी आहे त्यावर येऊ. आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल, नातवंडांचे फोटो आणि पेपर वाचायचा असेल तर प्रोसेसरवर पैसे घालवण्यापेक्षा मोठ्या पडद्यावर घालवा. १५.६ इंचांचा फुल एचडी पडदा, अक्षरं १२५ किंवा १५० टक्के मोठी करून द्यायची. कॉमर्सच्या मुलाला टॅली आणि एक्सेल, तिथे कुठलाही अलीकडचा ‘यू’ चालतो. आर्किटेक्चर, व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि त्याबरोबर अडीच किलोचं दप्तर आणि दोन-तीन तासांची बॅटरीही येते. हे घेणाऱ्याला आधी सांगितलेलं बरं.

रॅम: किती, आणि पुढे वाढेल का

८ जीबीवर विंडोज ११ चालतं, पण ब्राउझरचे १५ टॅब आणि एक ऑनलाइन क्लास एकदम उघडला की अडखळतं. आज नवीन घेताना १६ जीबी धरून चला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती रॅम काढता-घालता येणारी आहे की बोर्डावरच डकवलेली. पातळ लॅपटॉपमध्ये ‘एलपीडीडीआर५’ असं लिहिलेलं असेल तर ती बोर्डावरच सोल्डर केलेली, नंतर वाढत नाही असंच समजा. आज ८ घेतली तर मशीन जुनं होईस्तोवर ८ च.

हे दुकानात उभ्या-उभ्या तपासता येतं. डेमो पीस चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. उजवीकडे खाली ‘फॉर्म फॅक्टर’ अशी ओळ असते. तिथे ‘एसओडीआयएमएम’ असेल तर रॅम पट्टीची आहे, निघते. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर डकवलेली. त्याच्याच वर ‘स्लॉट्स यूज्ड’ असतं: १ ऑफ २ म्हणजे एक जागा रिकामी. काही मॉडेलमध्ये ८ जीबी डकवलेली आणि एक स्लॉट मोकळा अशी मिश्र सोय असते. त्यात पुढे ८ ची पट्टी टाकली की दोन्ही बाजूंनी एकदम वाचन होतं आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही त्याचा चांगला फायदा होतो.

पट्टी विकत घेताना लक्षात ठेवा, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला जाऊ नका, स्लॉट तुटला तर बोर्डाचं काम निघतं. २०२५ च्या शेवटापासून रॅमच्या किमती जोरात चढल्या, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे “आत्ता ८ घेऊ, पुढच्या वर्षी स्वस्तात वाढवू” हा जुना हिशेब आता भरवशाचा राहिलेला नाही.

डिस्क आणि ‘गायब’ झालेली जागा

५१२ जीबीचा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, घेतला आणि विंडोजमध्ये ४७६ जीबीच दिसतं, ही तक्रार दर दिवाळीत येते. फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीने मोजतं आणि तरी त्यालाही जीबीच म्हणतं. त्याच हिशेबाने १ टीबी म्हणजे ९३१. एखादं रिकव्हरीचं पार्टिशन असतं, ते आणखी थोडी जागा खातं.

खरी फसवणूक दुसरीकडे होते. अगदी स्वस्त लॅपटॉपवर ‘६४ जीबी स्टोरेज’ असं लिहिलेलं असतं, ते एसएसडी नसून ईएमएमसी असतं, म्हणजे जवळपास मोबाइलमधल्या मेमरी कार्डाच्या जातीचं. विंडोज त्यात कसंबसं मावतं आणि पहिल्याच मोठ्या अपडेटला जागा उरत नाही. असं मशीन मुलांना भेट देऊ नये, त्यापेक्षा टॅब बरा.

पडद्याबद्दल थोडक्यात: १३६६ गुणिले ७६८ असेल तर सोडून द्या, १९२० गुणिले १०८० हवं. बाजूने बघितल्यावर रंग पांढरट किंवा काळपट झाले तर तो टीएन पॅनल, आयपीएस मागा. निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप. ‘२५० निट्स’ घरात पुरतात, गॅलरीत बसून काम करणाऱ्याला कमी पडतात.

नवीनऐवजी जुन्यात एसएसडी: सगळ्यात कामाची भेट

घरात २०१६ ते २०१९ च्या सुमाराचा, फिरत्या हार्डडिस्कचा लॅपटॉप पडून असेल तर नवीन घेण्याआधी थांबा. तो हँग होतो याचं कारण बहुतेक वेळा प्रोसेसर नसतो. फिरती डिस्क एका सलग फाइलसाठी सेकंदाला १०० ते १५० एमबी देते, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इकडून-तिकडून वाचायच्या असतात. तिथे डिस्कची सुई धावत राहते आणि वेग एखाद-दोन एमबीवर येतो. एसएसडीत सुईच नाही. साधा साटा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीचा, एसएसडी ५५० एमबीपर्यंत देतो, पण फरक जाणवतो तो बारीक फाइलींमुळे. म्हणूनच जुन्या मशीनला महागडा ७००० एमबीचा एनव्हीएमई, म्हणजे नव्या वेगवान जोडणीचा एसएसडी, शोधत बसायची गरज नाही. बरेचदा त्या मशीनला तो बसतही नाही.

आधी जागा ओळखा. मागचं झाकण उघडल्यावर अडीच इंची चौकोनी डिस्क दिसली तर ७ मिलिमीटर जाडीचा साटा एसएसडी त्याच जागी बसतो. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर उरलेल्या जागेसाठी एसएसडीबरोबर प्लास्टिकची चौकट मिळते, ती फेकू नका. एम.२ ची चिंचोळी जागा असेल तर बहुतेक २२८० मापाची पट्टी लागते, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. इथेच घोटाळा होतो: एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्याच आकारात साटाही येतो आणि एनव्हीएमईही. काही लॅपटॉपचा स्लॉट फक्त साटा ओळखतो. त्यात एनव्हीएमई नीट बसतो, स्क्रूही लागतो, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये, दिसतच नाही. मग गिऱ्हाईक म्हणतं पट्टी खराब आहे. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरचं सर्व्हिस मॅन्युअल आधी उघडून बघा, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं.

काम करण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत बघावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवला की ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ या दोन ओळी दिसतात. दोन्हींच्या उजवीकडच्या आकड्यात सगळी शून्यं असतील तर बिनधास्त क्लोन करा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्यावर उतरवा. पेंडिंगमध्ये आकडा असेल तर क्लोन अर्ध्यावर अडकतो आणि तासन् तास फिरवल्याने मरणारी डिस्क आणखी मरते. तेव्हा आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा, मग कोरं विंडोज टाका.

आमचं मत विचाराल तर डिस्क धडधाकट असली तरी कोरं विंडोजच टाकावं. पाच वर्षांचा कचरा नव्या डिस्कवर कशाला न्यायचा? मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर सेटअप तयार करून देतं. पेनड्राइव्हवरचं सगळं त्यात पुसलं जातं हे विसरू नका. विंडोजचं लायसन्स बोर्डाशी जोडलेलं असतं, डिस्कशी नाही. त्यामुळे डिस्क बदलल्यावर तीच आवृत्ती, म्हणजे होमच्या जागी होम, टाकली की इंटरनेट मिळताच ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. “नवीन विंडोजचे वेगळे पैसे” कुणी मागितले तर कशाचे ते विचारा. घालण्याची मजुरी असू शकते, लायसन्सचे नाहीत.

झाकण उघडताना मशीन बंद, चार्जर काढलेला. स्क्रू लांब-आखूड असतात, कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या कोपऱ्यातला स्क्रू त्याच कोपऱ्यात ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी लागला तर वरच्या कीबोर्डाच्या बाजूला फोड येतो. आतलं बॅटरीचं कनेक्टर आधी सोडवा. एम.२ ची पट्टी तिरकी, साधारण ३० अंशांत घालायची आणि मग खाली दाबून स्क्रू लावायचा. सरळ रेटायची नाही. जुनी अडीच इंची डिस्क चांगली असेल तर यूएसबीच्या केसिंगमध्ये घाला, बॅकअपला होते.

हे सगळं करण्याआधी एक अट: ते मशीन विंडोज ११ घेतं का? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झालेली सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा किंवा एएमडीचा रायझेन २००० पासून पुढचा, मोजके अपवाद सोडले तर. म्हणजे सीमारेषा साधारण २०१८ ला पडते. आठवी पिढी असूनही ‘टीपीएम नाही’ असं आलं तर बायोसमध्ये ते बहुधा नुसतं बंद असतं. इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने शोधा. सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीचं मशीन असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घालून मुलांना शिकायला द्या. अपात्र मशीनवर जुगाड करून विंडोज ११ बसवता येतं, पण पुढचं मोठं अपडेट अडलं की फोन दुकानातच येतो, म्हणून आम्ही तो रस्ता सुचवत नाही.

खातं ज्याचं त्याचंच

भेटीच्या लॅपटॉपमध्ये सगळ्यात महागात पडणारी गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे. मुलगा हैदराबादहून येतो, वडिलांसाठी लॅपटॉप आणतो, घाईत स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू करून देतो आणि परत जातो. नव्या विंडोज ११ मध्ये डिस्कला बहुतेक वेळा आपोआप कुलूप लागतं, बिटलॉकरच्या तंत्राने. त्या कुलपाची ४८ आकडी किल्ली पहिल्यांदा लॉगिन केलेल्या खात्यात जाऊन बसते. सहा महिन्यांनी बायोस अपडेट होतो किंवा बोर्ड बदलला जातो, सकाळी निळ्या पडद्यावर किल्ली मागितली जाते आणि ती कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं. किल्ली नसेल तर डेटा गेला. दुकानदार, सर्व्हिस सेंटर, मायक्रोसॉफ्ट कुणीच तो काढू शकत नाही.

म्हणून खातं वापरणाऱ्याच्याच नावाने आणि त्याच्याच मोबाइल नंबरवर काढा. मग खात्यात जाऊन ती किल्ली बघा आणि कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. लॅपटॉपबरोबर ऑफिस आलं असेल तर तेही पहिल्यांदा ज्या खात्याने चालू कराल त्याच्याच नावावर कायमचं चढतं.

मराठीत लिहायचं असेल तर वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. सेटिंगमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज, तिथे मराठी जोडा आणि त्याच्या कीबोर्डांत ‘मराठी फोनेटिक’ निवडा. विंडोज की आणि स्पेस बार दाबला की इंग्रजी-मराठी बदलतं. हे पाच मिनिटांचं काम करून दिलं तर आई ते मशीन खरोखर वापरते.

अँटीव्हायरसचं तीन वर्षांचं खोकं बिलात आपोआप चढलेलं असेल तर काढायला सांगा. त्यावर दुकानाला नफा चांगला असतो, एवढंच त्याचं कारण. घरगुती वापराला विंडोजमधलं डिफेंडर पुरतं, अपडेट मात्र चालू हवेत.

छोट्या भेटी: पेनड्राइव्ह, चार्जर, यूपीएस

भाऊबीजेच्या पाकिटात मावणारी भेट म्हणून पेनड्राइव्ह छान, पण बाजारात खोटे फार. दोनशे-तीनशे रुपयांत ‘२ टीबी’ असा पेनड्राइव्ह अस्तित्वात नाही. आत ८ किंवा १६ जीबीचीच चिप असते आणि तिच्या कंट्रोलरला विंडोजपुढे २ टीबी सांगायला शिकवलेलं असतं. फाइली कॉपी होतात, नावं दिसतात. खरी जागा संपल्यावर पुढचा डेटा जुन्यावरच लिहिला जातो किंवा हवेत जातो. लग्नाचे फोटो उघडायला गेल्यावर कळतं. एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम पूर्ण ड्राइव्ह भरून पुन्हा वाचून बघतो. खऱ्या ६४ जीबीला, लिहिण्याचा वेग सेकंदाला १० एमबी धरला तर नुसत्या लिहिण्याला पावणेदोन तास लागतात. रात्री लावून ठेवा.

चार्जर बदलताना व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. ४५ वॅटचा लावला तर बॅटरी वापरताना उतरत जाते. काही कंपन्यांच्या पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यातून लॅपटॉप चार्जरला ओळखतो. नकली चार्जरवर मशीन चालतं पण बॅटरी चार्ज होत नाही, ते याच कारणाने. टाइप-सी असेल तर प्रत्येक टाइप-सी भोकातून चार्जिंग होतंच असं नाही, भोकाशेजारी प्लगचं किंवा विजेचं चिन्ह बघा. आणि चार्जरवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, नोंदणीचिन्ह हवंच, म्हणजे इंग्रजी आर हे अक्षर आणि पुढे ८ आकडे. तो नंबर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की कुठल्या कारखान्याचा माल ते दिसतं. अ‍ॅपमध्ये दुसरंच नाव आलं तर चार्जर परत करा.

धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, त्याला लोक ‘करंट मारतो’ म्हणतात. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडी वीज अंगावर येते. तीन पिनांचा चार्जर आणि नीट अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते. म्हणजे तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला, किंवा घरात अर्थिंगची वायर नुसती बोर्डापर्यंत येऊन लोंबकळत असली, की झिणझिण्या सुरू. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट मोजून घ्या. ते २-३ च्या आत असावेत आणि फेज-अर्थ साधारण २३० यावेत.

डेस्कटॉपसाठी यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, बहुतेकांत ३६० वॅट. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी, कागदावर ८४ वॅट-अवर. एकदम जोरात उपसली की त्यातली निम्मीच हाताला लागते. मॉनिटरसकट १२० वॅटचा संच असेल तर १५ ते २० मिनिटं, तेही बॅटरी नवी असताना. काम सेव्ह करून बंद करायला तेवढी पुरतात. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही लावू नका. कागद तापवणारा रोलर क्षणभर कैक शे वॅट खेचतो आणि यूपीएस ट्रिप होतो.

त्याहून उपयोगी आणि स्वस्त भेट म्हणजे राउटरचा छोटा यूपीएस. लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो पण वायफाय जातं, त्यावरचा हा इलाज. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर आहे की २ ते वाचा. ९ व्होल्टचा राउटर असेल तर १२ चा लावायचा नाही. ३.७ व्होल्ट, ८००० एमएएच लिहिलेला असेल तर सुमारे ३० वॅट-अवर. राउटर १० वॅट खात असेल तर गळती धरून अडीच तास. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना वीज लागते. एकालाच यूपीएस लावून “नेट का येत नाही” म्हणणारे खूप.

प्रिंटरबद्दल एकच सांगतो: घरात महिन्यातून चार पानं छापणार असाल तर इंक-टँक घेऊ नका, शाई नळीत सुकते आणि हेड बसतं. घेतलाच तर आठवड्याला एक रंगीत पान काढा. क्वचित छापणाऱ्याला काळा-पांढरा लेझर बरा, पावडर सुकत नाही.

रिफर्बिश्ड, परदेशातून आणलेला, आणि बिल

कंपन्यांच्या लीजवरून सुटलेले रिफर्बिश्ड लॅपटॉप विद्यार्थ्यांसाठी उत्तम सौदा असू शकतात, मजबूत बांधणी आणि काढता येणारी रॅम यामुळे. आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नका. दुकानातच रिसेट करायला लावा आणि सेटअप चालू असताना मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा. “अमुक कंपनीत आपलं स्वागत” असा पडदा येऊन कंपनीचं लॉगिन मागितलं तर ते मशीन अजून त्यांच्या यादीत आहे, हात लावू नका. इंटरनेट न जोडता दाखवलं तर हा पडदा येत नाही, म्हणून हॉटस्पॉटचा आग्रह. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असं लिहून एंटर दाबा. तयार झालेल्या अहवालात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी येतात. ६० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करा.

न्यू जर्सीहून येणारा भाचा लॅपटॉप आणणार असेल तर १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम ड्युटीशिवाय आणता येतो. चार्जर १०० ते २४० व्होल्टचा असतो, फक्त पिन बदलावी लागते. वॉरंटी मात्र आंतरराष्ट्रीय आहे का, हे घेण्याआधी विचारा. बऱ्याच मॉडेलना ती फक्त त्या देशापुरती असते आणि इथे बोर्ड गेला तर खर्च पूर्ण आपला.

बिल पक्कंच घ्या. संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे, “बिलाशिवाय देतो, तेवढे वाचतील” यात वॉरंटीच्या वादात आपल्या हातात कागद राहत नाही. बिलावर सिरियल नंबर छापलेला हवा आणि तो खोक्यावरच्या, लॅपटॉपच्या पाठीवरच्या नंबराशी जुळायला हवा. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल टाकून वॉरंटी कधीपासून धरली आहे ते बघा. गोदामात पडून राहिलेल्या मालाची वॉरंटी कधी कधी आधीच सुरू झालेली दिसते, तेव्हा बिल दाखवून तारीख दुरुस्त करून घेता येते.

लक्ष्मीपूजनाला मशीनची पूजा होतेच, तेव्हा आधी ते बंद करा आणि प्लग काढा. हळदकुंकू झाकणाला चिकटवलेल्या कागदावर लावा. पंख्याच्या जाळीजवळ ते पडलं तर आत ओढलं जातं आणि पंख्याच्या वंगणात बसतं. आधीच्या साफसफाईत पडद्यावर काचेचं क्लीनर फवारू नका, त्यातल्या अमोनियाने वरचा थर डागाळतो. मायक्रोफायबर कापड किंचित ओलं करून पुसा.

भेट पाडव्याला किंवा भाऊबीजेला द्यायची असली तरी घ्या किमान आठ दिवस आधी, आणि खोकं उघडून चालवून बघा. सरप्राइज बिघडेल म्हणून लोक सील तसंच ठेवतात. पण नव्या मशीनमध्ये दोष निघाला तर बदलून मिळण्याची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, भेट दिल्याच्या दिवसापासून नाही, आणि लक्ष्मीपूजन ते भाऊबीज सर्व्हिस सेंटरं बहुतेक बंदच असतात. पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच पडदे लावून मेलेले ठिपके शोधा. दोन्ही स्पीकर, कॅमेरा, माइक आणि प्रत्येक यूएसबी भोक वापरून बघा, बॅटरी एकदा शंभरावरून विसापर्यंत उतरवा. मग परत खोक्यात भरा आणि वरून कागद लावा.